नावं बदलली, गाव बदललं, उंबरा तसाच राहिला: खऱ्या खुनावर कथा लिहावी का?

जुनी_नाशिककर | सोमवार, रात्री १०:१२

हा धागा काढावा की नाही यात आठ दिवस गेले. शेवटी म्हटलं, इथले लोक तोंडावर बोलतात, मला तेच हवंय.

गेल्या दिवाळी अंकात माझी एक कथा आली. खुनाची. खून खरा होता. जुन्या नाशकात आमच्या वाड्यासमोरच्या घरातल्या मुलाचा, तीसेक वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा त्या गल्लीत नवी सून होते. मुलगा सातपूरला कारखान्यात फिटर होता, सव्वीसचा असेल. रात्रपाळीहून परत येताना मारलं. त्या घरात आई आणि चौदा वर्षांची बहीण उरली.

कथेत मी सगळं बदललं. नाशिकची वाई केली, गोदेची कृष्णा केली, फिटरचा बँकेतला कारकून केला. एकच गोष्ट तशीच ठेवली. त्याची आई नंतर कित्येक महिने रोज दुपारी बादलीभर पाणी घेऊन यायची आणि घराचा उंबरा धुवायची. घासून घासून. मी समोरच्या गॅलरीतून बघायचे. कथेतलं सगळ्यात जमलेलं तेच, असं मला पाच-सहा जणांनी फोन करून सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं.

सातवा फोन त्या बहिणीचा. "वहिनी, ती उंबरा धुणारी बाई माझी आई आहे ना?"

मी गडबडले, माफी मागायला लागले. ती म्हणाली, "त्याचं काही नाही हो. पण तुम्हीसुद्धा प्रेमप्रकरणच लिहिलंत?"

तेव्हा पेपरात तसं छापून आलं होतं. गल्लीतही तेच बोलत होते. कथेला कारण हवं होतं, मी ते उचललं. ती सांगते की खटल्यात मुलीबिलीचा विषयच निघाला नाही. भिशीच्या पैशांचं भांडण होतं, आणि आरोपी पुढे निर्दोष सुटले. गल्लीने ज्या मुलीचं नाव घेतलं होतं तिचं ठरलेलं लग्न मात्र मोडलं. हे मला माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही, की आठवू दिलं नाही, ते आता सांगता येत नाही.

प्रकाशक संग्रह काढतोय, पावसाळ्याआधी त्याला पानं हवीत. कथा काढू? कारण बदलू? उंबरा काढू? उंबरा काढला तर कथेत उरतं काय, हाही प्रश्न आहेच, खोटं कशाला बोलू.

तिखट_तर्री | सोमवार, रात्री १०:४०

वाचतोय. दिवाळी अंकाचं नाव सांगा, कथा वाचून मग बोलतो. आणि हा खून तो तिवंध्याजवळचा तर नव्हे? आमचे काका सांगायचे...

धागा_राखणदार | सोमवार, रात्री १०:५८

वरच्या प्रतिसादातला अर्धा मजकूर उडवला आहे. खून कुठला, कोणाचा, कोणी केला याचे अंदाज इथे बांधायचे नाहीत. अंकाचं नावही विचारू नका. ताईंनी ज्या कारणासाठी धागा काढलाय, तेच आपण इथे पुन्हा करायला लागलो तर धागा बंद करीन.

तिखट_तर्री | सोमवार, रात्री ११:०३

चुकलं. कान पकडले.

बीटवाला | मंगळवार, सकाळी ७:३५

मी पंचवीस वर्षं नाशकात क्राईम बीट केली, आता घरी असतो. ताईंच्या त्या बातमीबद्दल मी बोलत नाही. पण 'प्रेमप्रकरण' ही चीज पेपरात येते कुठून, ते सांगू शकतो.

सकाळी दहाला ठाण्यांची फेरी. सरकारवाडा, भद्रकाली, पंचवटी. ठाणे अंमलदारासमोरच्या बाकड्यावर बसायचं, चहा यायचा. तो डायरी बघून सांगणार: रात्रीत एडी किती (अकस्मात मृत्यू हो), घरफोड्या किती, मिसिंग किती. खून असला की आपण विचारणार, "कारण?" आता रात्री दोनला मेलेल्या माणसाचं कारण सकाळी दहाला कोणाला ठाऊक असणार? पण विचारलं की माणूस काहीतरी सांगतोच. "असेल पोरीबिरीचं." एवढंच. मी ऑफिसात जाऊन लिहिणार, "प्रेमप्रकरणातून हा खून झाला असावा, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज आहे." बातमी सिंगल कॉलमची. उपसंपादक मथळा बसवताना 'असावा' आणि 'प्राथमिक अंदाज' कापणार, कारण मथळ्यात ते मावत नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात: प्रेमप्रकरणातून तरुणाचा खून.

गंमत पुढे आहे. दुपारी तोच अंमलदार पेपर वाचून शेजारच्याला म्हणतो, "प्रेमप्रकरणच आहे, पेपरात आलंय." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, बाकड्यावर बसून.

आणि खुनाची बातमी माझी असली तरी निकालाची माझी नाही, ती कोर्ट बीटवाल्याची. पाच-सात वर्षांनी निकाल लागतो, तोवर मी दुसऱ्या शंभर प्रेतांवर गेलेलो. आतल्या पानावर चार ओळी: पुराव्याअभावी सुटका. पहिल्या दिवशी लिहिलेलं कारण मागे घ्यायची पद्धतच नाही. मीही कधी घेतलं नाही.

एक सांगून टाकतो, बरेच दिवस सांगायचं होतं. सिडकोतल्या एका घरी मयत मुलाचा फोटो मागायला गेलो होतो. दुपारी चारच्या आत ऑफिसात हवा होता. आईला सुटा फोटो सापडेना. शेवटी तिने बहिणीच्या लग्नाचा अल्बम काढला, त्यात तो एका फोटोत एकटा उभा होता. तो फोटो पानाला चिकटलेला. तिने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि कडेने हळूहळू सोडवत बसली. एक कोपरा पानालाच राहिला. "परत द्याल ना?" म्हणाली. हो म्हणालो. ऑफिसात असे फोटो रबर लावून ड्रॉवरमध्ये पडलेले असायचे. आम्ही जागा बदलली तेव्हा त्या ड्रॉवरचं काय झालं, मला माहीत नाही.

व्याकरणाच्या_बाई | मंगळवार, दुपारी २:१०

बीटवाले दादा, तो फोटो वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

माझा मुद्दा भाषेचा. दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर एक मथळा लिहिते: "चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून". वर्षातून किती वेळा दिसतो हा, मोजायला बसू नका. मग विचारते, कर्ता शोधा. मुलं 'पत्नी' म्हणतात, मग 'संशय' म्हणतात. नवरा कोणालाच सापडत नाही, कारण तो वाक्यात नाहीच. वाक्यात आहे काय? चारित्र्य. कोणाचं? मेलेल्या बाईचं. म्हणजे तिला मारलं त्याने, आणि चौकशी तिची.

तेच वाक्य मग मुलांकडून लिहून घेते. "नवऱ्याने बायकोला ठार मारले." पाचच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "बाई, पण कारण?" कारण असल्याशिवाय आपल्याला खून पचत नाही. आणि जे कारण छापलं जातं ते बहुतेक वेळा आरोपीनेच सांगितलेलं असतं, कारण दुसरी बाजू बोलायला उरलेली नसते.

आपली मराठी यात फार मदत करते बरं का. खून 'होतो', मृतदेह 'आढळतो', विनयभंग 'घडतो'. पाऊस पडावा तसं. करणारा नको असेल तर आपलं व्याकरण त्याला सहज लपवून देतं. उलट टोकाला 'नराधम'. नराधम म्हटलं की तो आपल्या गल्लीतला, आपल्याकडे साखर मागायला येणारा माणूस राहत नाही. दोन्हीकडे लेखकाची सुटका.

ताई, तुमच्या कथेत खून कोणी केला हे वाक्य कसं लिहिलंय, ते एकदा बघा.

कानगोष्टी | मंगळवार, रात्री ९:२०

नमस्कार, मी एक छोटा मराठी पॉडकास्ट चालवतो, खऱ्या गुन्ह्यांवरचा. इथे मार खाणार हे माहीत असून लिहितोय.

सगळं पटतं, पण थोडं व्यवहाराचंही बोला. पहिल्या तीस सेकंदांत काही घडलं नाही तर लोक पुढे जातात. मला आकडे दिसतात. मी एकदा निकालपत्र वाचून, पार्श्वसंगीत न लावता, सरळ भाग केला. माझ्या आईने आणि अजून काही जणांनी ऐकला. जोशी-अभ्यंकर खून खटल्यावरचा भाग मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. लोकांना भीती वाटून घ्यायची असते आणि त्यात वाईट काय? पूर्वी आजीही भुताच्या गोष्टी सांगायचीच की.

शिवाय ताईंच्या कथेमुळे कोणाचं नुकसान झालं? नावं नाहीत, गाव नाही. बहिणीने ओळखलं, कारण ती बहीण आहे. बाकी महाराष्ट्राला काय कळणार होतं?

गोदाकाठची | मंगळवार, रात्री १०:०५

कानगोष्टी, तुमचा तो भाग मी ऐकलाय. १९७६-७७ मधले पुण्याचे खून, खून करणारी कलामहाविद्यालयातली मुलं, नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्याला चौघांना फाशी. सगळं बरोबर होतं. चौघांची नावं, स्वभाव, आवडीनिवडी, कोण बोलका कोण घुमा, हे मला पाठ झालं. मेलेल्यांबद्दल काय ऐकलं, ते आठवायचा प्रयत्न केला. एवढंच आठवलं की त्यांत म्हातारी माणसं होती आणि दोरी नायलॉनची होती. खटल्याला नाव त्यांचं आहे हो.

आजीच्या भुताला भाऊबहीण नसायचे.

कानगोष्टी | मंगळवार, रात्री १०:३१

हे लागलं. विचार करतो. (दोरीवर चार मिनिटं घालवली होती, आत्ता मोजली.)

काळा_कोट | बुधवार, सकाळी ८:१५

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करतो. कायद्याचं थोडं सांगतो, कारण 'नाव बदललं की झालं' हा गैरसमज लेखकांत फार आहे.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं की नुसतं नाव टाळून भागत नाही, ज्यावरून ओळख पटेल असं काहीच देता येणार नाही, आणि पीडिता हयात नसली तरीही. पोक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम २३ मधली यादी तर लेखकाने भिंतीवर लावावी अशी आहे: नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, आणि शेजार. हो, कायद्यात 'शेजार' असा शब्द आहे. ज्याने तो मसुदा लिहिला त्याला गल्ली म्हणजे काय ते नक्की माहीत होतं. अल्पवयीन आरोपी असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४.

ताईंची घटना या कलमांत बसत नाही, पण शेजारावरून ओळख पटते हे तत्त्व तेच. कानगोष्टी म्हणतात बाकी महाराष्ट्राला कळणार नाही. बाकी महाराष्ट्राशी त्या बहिणीला काय करायचंय? तिला भाजी त्याच बाजारातून आणायची असते.

बदनामीचंही बघा. मेलेल्याची बदनामी होत नाही असं लोक छातीठोक सांगतात. न्याय संहितेच्या कलम ३५६ चं पहिलंच स्पष्टीकरण म्हणतं की होऊ शकते, जर आरोप तो जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला बाधा आणणारा असेल आणि जवळच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल. ताईंचा हेतू तसा नाही, त्यामुळे घाबरू नका. पण ज्या मुलीचं लग्न मोडलं ती जिवंत आहे. तिचा विचार आधी करा.

दुसऱ्या बाजूने, सार्वजनिक नोंदीवर आधारलेलं लिहायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही, हे १९९४ च्या राजगोपाल निकालात आहे. तोही एका फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून झालेला खटला. म्हणजे लिहू नका असं कायदा म्हणत नाही. नोंद मात्र कुठली, ते बघा. दोषारोपपत्र ही पोलिसांची बाजू. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, ब्रिटिशांच्या काळापासून. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' ही बातमी कोर्टात शून्य आणि गल्लीत शंभर टक्के. निकालपत्र वाचा. ताई, तुमच्या खटल्याच्या निकालाची नक्कल मिळते का ते नक्कल विभागात अर्ज करून बघा. जुनं आहे, वेळ लागेल, पण अर्ज टाका.

अवांतर: लिहिणाऱ्यांनी चार-दोन पंचनामे वाचावेत. साहित्य म्हणून. माझ्या एका जुन्या कामातला, तपशील थोडे बदलून: "मयताचे शर्टाचे खिशात एक निळे पेन, टोपण नसलेले. सिटी बसचे एक तिकीट. वर्तमानपत्राचे कागदात शेंगदाण्याची चिक्की, अर्धी खाल्लेली. रोख रुपये सतरा." बास. यावर कुठला कवी काय चढवणार? हवालदाराला विशेषण वापरता येत नाही, कारण खाली दोन पंचांना सही करायची असते. चिक्की अर्धी होती हे पंच बघू शकतात. ती 'केविलवाणी' होती यावर सही कोण करणार?

व्याकरणाच्या_बाई | बुधवार, सकाळी ९:०२

वकीलसाहेब, शेवटचा परिच्छेद वर्गात वाचून दाखवणार आहे. हरकत नसावी.

पालावरचा | बुधवार, दुपारी १:४४

माझं थोडक्यात. मी पारधी. १८७१ पासूनच्या कायद्यांनी आमच्या आजे-पणज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला सरकारने तो शिक्का काढला. पेपरांनी काढला नाही. चोरी कुठेही होवो, बातमीत "पारधी टोळीवर संशय". चोर दुसरा निघाला की त्याची जात लिहीत नाहीत, फक्त "तिघांना अटक". कधी बघितलंय, "अमुक उच्च जातीच्या टोळीचा धुमाकूळ"?

माझा भाऊ बारावीला असताना त्याला असाच उचलला. दोन दिवसांनी सोडला. परीक्षेचा पेपर चुकला. "संशयितांना सोडले" अशी बातमी आली नाही. कथा-कादंबऱ्या लिहिणारेही तेच करतात. जंगलातला दरोडेखोर हवा असला की आमची भाषा, आमचे दागिने, आमच्या बायका.

नीतीची चर्चा चांगली चाललीय. हेही त्यात धरा.

बीटवाला | बुधवार, दुपारी ३:२०

धरलं पाहिजे. "सराईत टोळी" लिहून पुढे जात मी कंसात जमात टाकलेली आहे. किती वेळा, ते मोजायची हिंमत नाही. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये असायचं, आम्ही उतरवायचो. हे स्पष्टीकरण आहे, सफाई नाही.

ताम्रपट | बुधवार, संध्याकाळी ७:५०

नाशिकचा धागा आहे आणि अजून जॅक्सन आला नाही म्हणजे कमाल.

२१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटर, संगीत शारदाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन बघायला आलेला. अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी. एवढं आपल्याला शाळेपासून माहीत. कान्हेरेच्या नावाच्या मैदानावर आपण क्रिकेट बघतो, सर्कस बघतो, प्रदर्शनं बघतो.

या घटनेला शब्द कुठला? सरकारी कागदात खून. आपल्या पुस्तकांत वध. हल्लीच्या लेखांत हत्या. तीन शब्द, तीन निकाल. 'वध' म्हटलं की मेलेला आपोआप राक्षसांच्या रांगेत जाऊन बसतो, कारण मराठीत वध कंसाचा होतो, रावणाचा होतो. हा जॅक्सन संस्कृत शिकलेला होता, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. बाबाराव सावरकरांवरचा खटलाही त्याच्याच कारकिर्दीतला. दोन्ही गोष्टी खऱ्या. मी नाशिकच्या इतिहासावर लिहितो तेव्हा दोन्ही एका परिच्छेदात ठेवतो, आणि दोन्हीकडून पत्रं येतात. एकदा एका गृहस्थांनी टिळकपथावर, सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर गाठून विचारलं, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" मी म्हटलं, मी त्या रात्री तिकीट काढून नाटकाला आलेल्या माणसाच्या बाजूचा. त्यांना ते आवडलं नाही. मला मात्र आजही तोच माणूस दिसतो, पुढच्या रांगेत काय झालं ते न कळलेला.

शंभर वर्षं झाली की कुटुंबाच्या जखमेचा प्रश्न सुटतो म्हणावं तर शब्दाचा सुटत नाही. ताईंची तीस वर्षं म्हणजे कालची गोष्ट.

तिखट_तर्री | बुधवार, रात्री ८:१५

मी मैदानावर असंख्य मॅच बघितल्या, हा विचार कधी केला नाही. धाग्याने झोप उडवली राव.

नाव_नको | गुरुवार, रात्री १२:४०

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये.

माझे वडील नाशिकरोडला आत होते. जन्मठेप. त्यांनी केलं होतं, त्यात वाद नाही. मी सातवीत होते. जेलमध्ये भेटायला जायचं त्याला 'मुलाखत' म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे का? शाळेत बाईंनी "थोर व्यक्तीची मुलाखत" असा गृहपाठ दिला होता, तेव्हा मी तो शब्द बघून वही मिटली.

सगळे मेलेल्याच्या घराबद्दल बोलताय, बरोबरच आहे, त्यांचं दुःख मोठं. पण करणाऱ्याचं घरही त्याच गल्लीत असतं. आईने दुसऱ्या दिवशीही पिठाच्या गिरणीत जायचं असतं. एका लेखकाने वडिलांवर लिहिलं, फार वर्षांनी, नाव न घेता. त्यात त्यांची बायको "भेदरलेली, मुकी" होती. माझी आई भेदरलेली नव्हती. तिने शिवणाचं मशीन घेतलं, आम्हा दोघींना शिकवलं, आणि वडिलांना आयुष्यात एकदाही "का केलंत" विचारलं नाही, कारण तिला उत्तर ऐकायचं नव्हतं. ती मुकी नव्हती. त्या लेखकाला तिच्याशी बोलायचं सुचलं नाही एवढंच. आम्ही काही फार लांब राहत नव्हतो, शोधलं असतं तर सापडलो असतो.

मला राग लिहिल्याचा नाही. चुकीची आई लिहिल्याचा आहे.

गोदाकाठची | गुरुवार, सकाळी ७:१०

🙏 यावर काही लिहीत नाही.

कानगोष्टी | गुरुवार, सकाळी ११:३०

नाव_नको, लिहिल्याबद्दल आभार. पुढच्या महिन्याचा भाग तयार होता, एका खटल्यावरचा, आरोपीच्या बायकोवर एक तुकडा होता त्यात. नाट्यरूपांतर. तिला एक वाक्यही विचारलेलं नाही. तो भाग थांबवलाय. तिचा पत्ता शोधतोय असं म्हणणार होतो, मग वाटलं, शोधत दारात जाणं हेही तेच झालं का? वकिलांमार्फत विचारतो आधी. नको म्हणाली तर नको.

काळा_कोट | गुरुवार, दुपारी १:०५

चांगलं. आणि "नको" आलं तर त्या नकारावरही भाग करू नका, कृपया. असे बघितलेत.

जुनी_नाशिककर | पुढच्या मंगळवारी, रात्री ९:३०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. नाव_नको यांचा जास्त वेळा. उशीर झाला, कारण मी रविवारी तिच्याकडे, म्हणजे त्या बहिणीकडे जाऊन आले. फोन करून विचारलं होतं, येऊ का. म्हणाली, या, पण कथा घेऊन या.

इंदिरानगरला राहते आता. आई चार वर्षांपूर्वी गेली. चहा झाला आणि तिने अंक पुढ्यात घेतला, पेन्सिल घेतली. मला वाटलं प्रेमप्रकरणाच्या पानावर जाईल. ती आधी उंबऱ्यावर गेली.

"वहिनी, तुम्ही लिहिलंय की आई त्याचं रक्त धुवायची, मनातलं."

मी म्हटलं, हो, तसं मला वाटायचं.

"त्याचं रक्त आमच्या दारात कुठे होतं? त्याला तर रस्त्यावर मारलं. आई उंबरा धुवायची, कारण लोक बघायला यायचे. पार पंचवटीतून यायचे. पावसाळ्याचे दिवस, चिखलाच्या चपला घालून उंबऱ्यावर उभे राहून आत डोकवायचे, बाबांच्या फोटोशेजारी त्याचा लावलाय का बघायला. आणि दुपारीच धुवायची, कारण नळ साडेचारला यायचा. तुम्ही चार लिहिलंय."

समोरच्या गॅलरीतून मला बादली दिसायची, ती बाई दिसायची. चपला दिसल्या नाहीत. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मीच दोनदा समोरचं घर दाखवायला खाली घेऊन गेले होते. हे तिला सांगितलं. तिने मान हलवली. तिला आठवत होतं, बहुतेक.

प्रेमप्रकरणाच्या पानावर तिने एक फुली मारली, बोलली काही नाही. ती दुसरी मुलगी आता पुण्याला असते, दोघींचं बोलणं आहे. तिला कथा दाखवलेली नाही आणि दाखवायची नाही, असं आमचं ठरलं.

संग्रहातून ती कथा काढली. प्रकाशक कुरकुरला, बारा पानं कमी पडतात म्हणाला, दुसरी जुनी कथा देतेय. नक्कल विभागात अर्ज टाकलाय, वकीलसाहेब, तुम्ही सांगितलं तसा. खटल्याचा नंबर तिच्याकडच्या एका कागदावर मिळाला. कापडी पिशवीत सगळं ठेवलंय तिने, पेपरची कात्रणं, समन्स, भावाचा कारखान्याचा बिल्ला. कात्रणं मी चाळली. बीटवाले दादा, एका कात्रणात त्याचा फोटो आहे, तो अल्बममधूनच काढलेला असणार, मागे कोणाच्या तरी साडीचा काठ दिसतो. मी विचारलं, मूळ फोटो आहे का. म्हणाली, नाही, तो कोणी परत आणून दिला नाही.

परत लिहिणार का, ते मला माहीत नाही. तिने विचारलं तेव्हाही असंच सांगितलं. निघताना दारात म्हणाली, "लिहिलंत तर साडेचार करा."